जंक्शन नंतर, आधी टर्मिनस: कोल्हापुरात नव्याने आलेल्या आगगाडीवाल्यांसाठी

नोकरीसाठी किंवा शिवाजी विद्यापीठात शिकण्यासाठी विदर्भ, खानदेश आणि कोकणातून जी मंडळी दरवर्षी कोल्हापुरात येतात, त्यांच्यापैकी दोन-चार जण तरी फिरतफिरत आमच्या राजारामपुरीतल्या रविवारच्या बैठकीला येऊन पोहोचतात. तिथे आम्ही पाच-सहा जण आपापले लॅपटॉप एकमेकांना जोडून ‘ओपनटीटीडी’ हा रेल्वे उभारण्याचा खेळ खेळतो. मी स्वतः २००८ साली भुसावळहून इथे आलो, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो आणि पहिल्याच पावसाळ्यात घरमालकांच्या मुलाने हा खेळ दाखवला तेव्हापासून त्यात आहे. खोली कुठे घ्यावी आणि मेस कोणती बरी, हे तुम्हाला गल्लीतले कोणीही सांगेल. खेळात बस्तान कसे बसवावे, हे मात्र प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते, म्हणून ते एकदाच लिहून ठेवत आहे.

मूळ ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ हा खेळ ख्रिस सॉयर यांनी तयार केला आणि तो १९९४ साली आला. त्याच्याच धर्तीवरचा ‘ओपनटीटीडी’ २००४ पासून स्वयंसेवक वाढवत आले आहेत. तो फुकट मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो, त्यामुळे पहिला पगार व्हायच्या आत सुरुवात करायला हरकत नाही.

भुसावळात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे रेल्वे म्हटले की जंक्शनच उभे राहते. एक मार्ग इटारसीकडे फुटतो, दुसरा नागपूरकडे जातो, आणि यार्डात रात्रभर डब्यांची आदळआपट चालू असते. मीही खेळातल्या पहिल्याच वर्षी तीन कोळसा खाणी एका भल्यामोठ्या जंक्शनात आणून जोडल्या. रूळ जिथे फुटतात आणि जुळतात त्या सांध्यांचे ते जाळे दिसायला देखणे होते, पण त्यात निम्म्याहून अधिक भांडवल गेले आणि उरलेल्या पैशांत घेतलेल्या अकरा गाड्या एकमेकींच्या तोंडाशी येऊन थांबल्या. घरमालकांच्या मुलाने पडद्याकडे पाहिले, ‘नाद खुळा’ एवढेच म्हटले आणि तो जेवायला निघून गेला.

कोल्हापूरचे स्थानक तुम्ही येताना पाहिलेच असेल. इथे रूळ संपतो. संस्थानाने बांधलेल्या मिरज-कोल्हापूर मार्गाच्या कामाचा शुभारंभ १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. पन्नास किलोमीटरपेक्षा थोडा कमी, एकेरी, आणि टोकाला टर्मिनस असा तो मार्ग आहे. पुढे कोकणात उतरणारा वैभववाडीचा मार्ग अनेक वर्षे कागदावरच आहे, आणि तरीही या एका मार्गावर शहराचे काम चालत आले आहे. खेळाच्या पहिल्या दहा वर्षांत तुम्हालाही एवढेच हवे असते: एक खाण, एक वीजकेंद्र, मधे एकेरी रूळ आणि दोन्ही टोकांना टर्मिनस.

सर्वसाधारण मांडणीत खेळ १९५० सालापासून आणि १,००,००० पौंडांच्या कर्जावर सुरू होतो. आपल्याकडे कर्ज म्हटले की माणूस बिचकतो, पण इथे मर्यादेपर्यंतचे सगळे कर्ज पहिल्याच दिवशी उचलावे. एक चांगली कोळसा गाडी त्याचे व्याज सहज फेडते. खाण निवडताना तिचे मासिक उत्पादन आधी पाहावे आणि वीजकेंद्र किती लांब आहे ते नंतर मोजावे. मोबदला मालाच्या प्रमाणावर, अंतरावर आणि लागलेल्या वेळेवर ठरतो. हे अंतर रुळाच्या लांबीने मोजत नाहीत. खेळाचा नकाशा चौकोनांचा असतो; दोन स्थानकांमधले आडवे आणि उभे चौकोन मोजून त्यांची बेरीज करतात. त्यामुळे रूळ वळवून वळवून लांब केला तर खर्च आणि वेळ तेवढा वाढतो. कोळशाला उशीर झाला तरी मोबदला फारसा घटत नाही, प्रवाशांचा मात्र झपाट्याने घटतो. म्हणूनच शहरांना जोडण्याचा मोह सुरुवातीला आवरावा. साठ ते शंभर चौकोनांचे अंतर पहिल्या मार्गाला मला योग्य वाटते. आमच्यातले काही जण याहून लांब जातात, पण त्यांचा धीर माझ्याकडे नाही.

चढाच्या बाबतीत घाटाखालून आलेल्या मंडळींना जास्त सांगायला नको. भरलेली गाडी चढावर रखडते, मग तिच्या मागच्याही रखडतात. डोंगराला वळसा घालावा, बोगद्याचा खर्च नंतर करावा, आणि वळणे काटकोनात न घेता सैल ठेवावीत. गावाजवळ रूळ टाकताना झाडे सरसकट तोडू नयेत, कारण स्थानिक प्रशासन नाराज झाले की तिथे स्थानक बांधूच देत नाही. चार झाडे लावली की राग निवळतो.

आता सिग्नल. नव्या माणसाचे नव्वद टक्के हाल इथेच होतात. साध्या सिग्नलचा नियम असा की दोन सिग्नलांमधल्या रुळांच्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी राहू शकते. २००९ च्या आवृत्तीपासून खेळात पाथ सिग्नल आले. हा सिग्नल गाडीपुरती वाट राखून ठेवतो, त्यामुळे वाटा एकमेकींना छेदत नसतील तर एकाच तुकड्यातून दोन गाड्या जाऊ शकतात. नव्यांनी फक्त पाथ सिग्नलच वापरावेत, बाकीचे प्रकार उघडूनही पाहू नयेत.

दोन फलाटांच्या टर्मिनसचे उदाहरण घेऊ. आत येणाऱ्या रुळावर, सांध्यांच्या अलीकडे, एकदिशा पाथ सिग्नल लावावा, म्हणजे फलाट रिकामा होईपर्यंत गाडी तिथेच थांबते आणि बाहेर पडणाऱ्या गाडीची वाट अडवत नाही. मग प्रत्येक फलाटाच्या तोंडाशी बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी एकेक पाथ सिग्नल लावावा, पण तो साधा असावा, एकदिशा नसावा. साध्या पाथ सिग्नलच्या पाठीमागून गाडी आत येऊ शकते, एकदिशा असेल तर येऊ शकत नाही. ही चूक मी एकदा केली आणि चार गाड्या माळावर रस्ता शोधत भटकत राहिल्या. फलाट डोळ्यांसमोर रिकामे असूनही त्या आत का येत नाहीत, हे कळायला मला जवळजवळ तासभर लागला. तोवर पांढरा रस्सा गार होऊन त्यावर साय धरली होती.

एकेरी मार्गावर मधे समोरासमोरच्या गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी लूप, म्हणजे थोड्या अंतरापुरता जोडरूळ, काढावी आणि तिचा एक रूळ येणाऱ्या, दुसरा जाणाऱ्या गाड्यांसाठी कायमचा ठरवून टाकावा. दोन्ही रुळांवर दोन्हीकडच्या गाड्या सोडल्या की कधी ना कधी सगळ्याच अडकतात. लूप सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब असावी, नाहीतर शेपूट सांध्यावर राहते आणि समोरची गाडी त्या शेपटाकडे पाहत उभी राहते. मिरजेच्या वाटेवर क्रॉसिंगला खोळंबला असाल, तर हे चटकन समजेल.

गाडीला पूर्ण भरल्याशिवाय न निघण्याचा हुकूम खाणीच्या टोकाला द्यावा. यामुळे एक गाडी सतत फलाटावर उभी राहते आणि स्थानकाचे मानांकन चांगले राहते. मानांकन जितके वर, तितका खाणीच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा तुमच्या स्थानकावर येतो. साचलेला माल आणि जुनाट, संथ गाड्या मानांकन खाली ओढतात. दुरुस्तीची शेड मार्गाला लागूनच हवी, नाहीतर गाड्या वाटेत वरचेवर बंद पडतात.

कर्ज फिटले आणि दोन मार्ग सुरळीत झाले, की मग दुहेरी रूळ, पोलाद, कारखान्याचा माल आणि शेवटी शहरांतले प्रवासी असा क्रम मी धरतो. जंक्शन तेव्हा बांधावे, आणि तेही दोनच मार्गांचे. खेळात ‘टॉयलँड’ नावाचा एक प्रदेश आहे, तिथे साखर खाणीतून निघते. उसाच्या जिल्ह्यात बसून ते खेळणे आमच्यापैकी एकालाही जमलेले नाही.

रविवारी येताना खेळाची आवृत्ती आमच्यासारखीच असल्याची खात्री करून या, आवृत्ती वेगळी असेल तर जोडणीच होत नाही. एकत्र खेळताना दुसऱ्याच्या रुळांवरून तुमची गाडी जाणार नाही. दुसऱ्याच्या खाणीशेजारी मात्र स्थानक बांधता येते आणि मग तिचा माल मानांकनाप्रमाणे दोघांत वाटला जातो. हे नियमात बसते. पण पहिल्याच रविवारी यजमानांच्या खाणीवर स्थानक टाकणाऱ्या एका नागपूरकर मित्राला आम्ही महिनाभर चहा करायला लावला होता, हे लक्षात असू द्या.