५२ − २७ : गठ्ठा मुलालाच सोडू द्या
दुसरीच्या वर्गात ५२ − २७ दिलं की काही मुलं हमखास ३५ लिहितात. लगेच फुली मारू नका. ‘कसं केलंस रे?’ एवढं विचारा. ‘सातातून दोन गेले, पाच,’ असं पोर सांगतं. म्हणजे मोठ्यातून लहान काढायचा नियम त्यानं स्वतःच बनवलाय. मूल ज्ञान आपलं आपण रचतं, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेचं म्हणणं मला इथेच पटलं.

मग खराट्याच्या काड्या घ्या. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. त्याच्याकडे सात सुट्या मागा. मूल अडतं, गठ्ठ्याकडे बघत राहतं. इथे गप्प बसणं फार अवघड असतं, पण बसाच. गठ्ठ्याचं रबर त्यानं स्वतः काढलं की हातात बारा सुट्या येतात आणि चेहरा बघण्यासारखा होतो! नाहीच सुचलं तर विचारा, ‘गठ्ठ्यात काय आहे?’ एकट्याला जमत नाही, पण जरा हात दिला की जमतं. मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीनं दाखवलेली शिकण्याची जागा हीच.

पुढे ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाची वाट: आधी हातानं, मग काड्यांचं चित्र काढून, शेवटी अंकांत. चित्र गाळू नका. मी एकदा घाईत गाळलं, आठवड्यात ३५ परत आले.

लगेच शाबासकी मिळाली की शिकलेलं पक्कं होतं, असं म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ स्किनरचा सराव सगळ्यात शेवटी. रोज पाचच गणितं, तपासणी आणि शाबासकी तिथल्या तिथे.