सीएचबीवर शिकवताना डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं

नागपुरात सीएचबीवाल्या, म्हणजे कॉलेजात क्लॉक अवर बेसिसवर, तासाच्या हिशोबानं शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, शिकवायचा कंटाळा एकालाही नाही, बाकी सगळ्याचा आहे बाप्पा. मी आठ वर्षं तासिकेवर काढली, त्यात जे कामी आलं तेवढंच सांगते.

आधी एक शंभर पानी वही घ्या. वर्गातून बाहेर आलं की उभ्या उभ्याच तारीख, वर्ग, टॉपिक अन् किती पोरं होती ते लिहून टाका, महिना संपला की ऑफिसच्या रजिस्टरशी जुळवा. एका कॉलेजात माझे अकरा तास बिलातून गळाले, बाबू म्हणे मॅडम सहीच नाही तुमची. वहीत लिहिलं होतं, "बीए दोन, मागणीचा नियम, सतरा पोरं, लाईट गेली". लाईट गेल्याचं प्राचार्यांनाही आठवत होतं म्हणून तास मान्य झाले. पैसे आले चार महिन्यांनी, ते जाऊ द्या.

मग कागद. नियुक्तीपत्र, विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र अन् सत्र संपताच अनुभव प्रमाणपत्र. 45 डिग्रीत कोण जाईल म्हणून टाळलं अन् तेवढ्यात प्राचार्य बदलले तर नवीन माणूस सही करायला महिना लावतो. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरच्या शॉर्टलिस्टिंगला शिकवण्याच्या एका वर्षाचे 2 गुण, जास्तीत जास्त 10. म्हणजे पाच वर्षांपुढे नुसत्या तासिका करून गुण वाढतच नाहीत, मग वेळ पीएचडीला द्या, कॉलेजच्या भरतीत तिचे 25 आहेत. मला हे सातव्या वर्षी कळलं, तोवर मी इमानदारीत तासच घेत बसले होते.

नॅकच्या (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाईली, गॅदरिंग, अॅडमिशन कमिटी, हे सगळं सीएचबीवाल्याच्याच गळ्यात पडतं अन् पैसे तर तासाचेच मिळतात. सगळ्याला नाही म्हणता येत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायचं की नाही ते कॉलेजच्याच हातात असते. म्हणून बायोडेटात लिहिता येईल असं एकच काम आपणहून मागून घ्या, मग बाकीच्यासाठी "सर, ते चालू आहे ना" म्हणता येते.

दोन कॉलेजं करत असाल तर एका बाजूची धरा. सकाळी हिंगणा, दुपारी कामठी रोड असं मी वर्षभर केलं, अर्धी कमाई पेट्रोलात. आता लोकमान्य नगरहून मेट्रो पकडून सीताबर्डीला बदलता तरी येते.

स्टाफरूममध्ये सातव्या वेतन आयोगाच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ लायब्ररीत जायची. युजीसीनं 2019 मध्ये गेस्ट फॅकल्टीला, म्हणजे तासावर बोलावलेल्या शिक्षकांना, तासाला 1500, महिन्याला कमाल 50,000 असं सांगितलं होतं, तो आकडा ध्यानात ठेवा पण त्यावर घराचा हप्ता काढू नका. उन्हाळ्याचे दोन महिने हातात काहीच येत नाही, त्याची तजवीज दिवाळीपासूनच.

अन् दुसऱ्या सीएचबीवाल्यांसोबत आठवड्यातून एकदा तर्री पोहे खायला जात जा. कोणत्या कॉलेजात कोण रिटायर होतंय, कुठे वर्कलोड, म्हणजे शिकवायचे तास निघताहेत, हे आधी ठेल्यावर कळते, जाहिरात मागून येते.