चिठ्ठीवर नाव कुणाचं?

ओरिगामीच्या, म्हणजे कागद दुमडून वस्तू घडवण्याच्या कलेच्या, प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी मुलांनी वस्तूंशेजारी ठेवायच्या चिठ्ठ्या तपासत बसते. घड्या सुरेख घातलेल्या असतात, चिठ्ठीवर मात्र सगळ्यांचं एकच: ‘कलाकार – मी’. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या सातवीच्या मुलीला एका आजोबांनी कौतुकानं विचारलं, “हा गेंडा तुला सुचला कसा गं?” तो तिला सुचला नव्हता. पुस्तकातल्या आकृत्या बघत, तीन रविवार खपून तिनं तो घडवला होता. ती गप्प झाली आणि ते तीन रविवारही कुणाला कळले नाहीत. नेमके शब्द मीच तिला दिले नव्हते.

आकाशवाणीवर गाणं लावताना गीत, संगीत, स्वर अशी वेगवेगळी नावं सांगतात. तसंच इथं करा. पहिली ओळ ‘रचना’: घड्यांचा क्रम ज्याला सुचला तो रचनाकार. जपानीत त्याला ‘ओरिगामी साक्का’ म्हणतात. हाच ‘साक्का’ शब्द तिथं लेखकालाही लावतात. दुसरी ओळ ‘घडी’: समोरचा कागद ज्यानं दुमडला त्याचं नाव. जपानी रचनाकार अकिरा योशिझावा यांनी १९५४ साली पुस्तकातून तुटक रेषा आणि बाणांची खूणभाषा मांडली. आज आपली मुलं जपानी न वाचता दरीघडी (आत दुमडायची), डोंगरघडी (मागे दुमडायची) ओळखतात, ती त्या वाटेनं. असं देणाऱ्याचं नाव गाळायचं कसं?

ओरिझुरु हा करकोचा किंवा आपली शिडाची होडी असेल तर ‘रचना: पारंपरिक’ लिहा. पण व्हिडिओत सापडलेलं सगळंच पारंपरिक नसतं, आणि दाखवणारा रचनाकार असेलच असंही नाही. व्हिडिओखालचं वर्णन वाचा.

तयार वस्तूला ‘मॉडेल’ म्हणा, सगळे तेच म्हणतात. ‘प्रतिकृती’ मला मुळीच पटत नाही. एकाच रचनेचे दोन गेंडे दोन हातांत दोन स्वभावांचे होतात. कात्री चालवली असेल तर ते किरिगामी. सुट्या घड्या एकमेकींत अडकवल्या असतील तर ‘मॉड्युलर’ लिहून संख्या द्या: सोनोबे नावाच्या ठरावीक घडीच्या तुकड्यांपासून केलेला घन ६ तुकड्यांचा, मोठा गोळा ३० चा. एरवी ‘एकच चौरस, न कापता’ आणि कागदाचं माप.

टेबलावर चिठ्ठ्या हलतात. म्हणून शेवटची घडी मिटण्याआधी मॉडेलच्या पोटात पेन्सिलीनं नाव आणि तारीख लिहायला लावा.