रोमान्स, रहस्य की फँटसी, नवीन कादंबरी कशी निवडायची?

वाचनाची सवय तुटली असेल तर सरळ रहस्यकथेपासून सुरू करा, कारण पुढे काय झालं हे कळेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही. रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) घ्या, इंग्लंडमधल्या केंटच्या निवृत्त लोकांच्या वसाहतीतले चार जण जुन्या खुनांच्या फायली काढून बसतात आणि मग त्यांच्या आसपासच खरा खून होतो. यातली, त्या चौघांपैकी एक असलेल्या जॉईसच्या डायरीची प्रकरणं अजिबात गाळू नका, ती केकबद्दल, शेजाऱ्यांबद्दल बोलता बोलता बरंच काही सांगून जाते, मला तर खुनी कोण यापेक्षा तीच जास्त आवडली.

रोमान्स घेताना मागचं कव्हर नको, पहिली दहा-पंधरा पानं वाचा, त्या दोघांच्या बोलण्यात मजा नसेल तर पुढेही येत नाही. एमिली हेन्रीच्या 'बुक लव्हर्स'मधे (२०२२) नोरा लिटररी एजंट (लेखकांची पुस्तकं प्रकाशकांपर्यंत नेणारी), चार्ली एडिटर, दोघंही कामाला वाघ, त्यांची टोलेबाजी भारीच आहे, पण माझ्या मते पुस्तकाचा जीव नोरा आणि तिची बहीण लिबी यांच्यात आहे.

फँटसी मात्र सलग वेळ असेल तेव्हाच. रेबेका यॅरोसचं 'फोर्थ विंग' (२०२३) ड्रॅगनस्वारांच्या वॉर कॉलेजातलं, सुसाट पळतं, पण शेवट असा धक्क्यावर सोडलाय की पुढचा भाग 'आयर्न फ्लेम' आधीच हाताशी ठेवा. नावं, नकाशे पाठ करत बसू नका, वाचता वाचता डोक्यात बसतात. आणि हो, उघड प्रणयप्रसंग आहेत, शाळेतल्या मुलांना देऊ नका.