साय, लोणी, तूप: सोडायचं नाही, पण किती आणि कुठे घ्यायचं

घरात कुणाच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल जरा वर आलं की पहिली कुऱ्हाड तुपाच्या डब्यावर पडते. आमच्याकडेही तेच, ह्यांचा एलडीएल (म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल) वाढला आणि दुसऱ्या दिवसापासून वरणभात कोरडा, पोळी कोरडी, संध्याकाळच्या चहाला खारी मात्र चार! खारीत काय घातलंय ते दिसत नाही ना, तूप दिसतं, म्हणून सगळा राग तुपावर. दोन महिने असं चाललं, मग मीच एक पद्धत बसवली, ती आता दोनेक वर्षं नीट चालूय म्हणून लिहितेय. (ज्यांना हार्टचा त्रास आहे, स्टेंट टाकलाय, त्यांनी डॉक्टर सांगतील तेच करायचं, माझं ऐकायचं नाही.)

सगळ्यात आधी काय करायचं, तर आपली तुपाची पळी मोजायची. खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर ५ एमएलची खूण असते, त्याने पाणी घालून बघा. आमची पळी दिसायला अगदी नाजूक, सासूबाईंच्या लग्नातली, तिच्यात तीन टोपणं पाणी बसलं. म्हणजे १५ एमएल, म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि अशा दोन पळ्या प्रत्येकाच्या भातावर पडत होत्या, "एक पळी वाढू नये गं, दोन तरी घे" असं म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की दिवसाच्या एकूण कॅलरीतल्या १० टक्क्यांपेक्षा कमी सॅच्युरेटेड फॅटमधून (हे एलडीएल वाढवणारं फॅट) याव्यात, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण २२ ग्रॅमच्या आत. तुपात साठ टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेडच असतं, त्यामुळे दोन पळ्यांमध्येच १६-१७ ग्रॅम संपले, अजून दूध, नारळ, पनीर, बिस्किटं, फोडणीचं तेल हे सगळं व्हायचंय. व्हॉट्सअॅपवर फिरतं ना की साजूक तूप कितीही खा, बाधत नाही, ते सोडून द्या. एक चहाचा चमचा मात्र आरामात बसतो, त्यात सॅच्युरेटेड जेमतेम ३ ग्रॅम.

आता रोज चमचा मोजत बसायला कुणाला वेळ आहे, म्हणून आमचा नियम एकच, घरच्या दुधातून जेवढं निघेल तेवढंच तूप खायचं, बाहेरून आणायचं नाही. आमच्याकडे रोज एक लिटर फुल क्रीम दूध, ६ टक्के फॅटचं. तीन आठवड्यांच्या सायीतून साधारण अर्धा किलो तूप निघतं, खाणारी माणसं चार. भागाकार करून बघा, माणशी रोजचे सहा ग्रॅम येतात, चमचाभर आणि वर थोडं. आजीच्या वेळी घरच्या म्हशीचं जेवढं निघायचं तेवढंच खायचे, डबा संपला की पुढच्या कढवण्यापर्यंत थांबायचं. आपण डबा संपला की दुकानात जातो, तिथेच सगळं बिघडतं. पहिल्या महिन्यात आमचा डबा तेराव्या दिवशी संपला आणि मग पुढचे आठ दिवस सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होती, पण मी आणलं नाही.

करायची पद्धत बहुतेकांना माहीत असते तरी जिथे चुका होतात ते सांगते. दूध तापवल्यावर लगेच झाकायचं नाही, वाफ निघू द्यायची, मग फ्रिजमध्ये, सकाळी थंड दुधावरची साय जाड पोळीसारखी उचलून येते. ती फ्रीजरमध्ये डब्यात साठवायची, खालच्या कप्प्यात पंधरा दिवस ठेवली तर कडवट वास लागतो आणि मग तुपालाही तोच वास. डबा भरला की बाहेर काढून पूर्ण वितळू द्यायची, कोमट झाली की दोन चमचे दही विरजण लावून रात्रभर ठेवायची. सकाळी घुसळायच्या आधी थोडा वेळ परत फ्रिजमध्ये, कारण गरमीत लोणी नीट जमून येत नाही, लिबलिबीत राहतं. रवीने घुसळा नाहीतर मिक्सरला लावा, बर्फाचं पाणी घाला, आवाज बदलतो तेव्हा कळतं, आधी घुर्रघुर्र आणि मग एकदम डबडब, की लोणी सुटलं. ते गार पाण्याने दोन-तीनदा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर कढवायला ठेवायचं आणि फोन घेऊन बसायचं नाही! आधी पांढरा फेस, मग तडतड आवाज, ही तडतड म्हणजे आतलं पाणी उडतंय. ती थांबत आली आणि तळाची बेरी बदामी झाली की लगेच गॅस बंद, गरम पातेल्यात ती पुढे अजून थोडी होतेच. मी एक विड्याचं पान टाकते, आईची सवय. गाळून हळूहळू गार होऊ दिलं की छान रवाळ होतं.

आता ते एक चमचा कुठे घालायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. फोडणीला तूप घालायचं मी पूर्ण बंद केलं, तिथे हिंग-मोहरी-लसणात त्याचा वास कुठे हरवतो कळतही नाही, फोडणी तेलाचीच. तूप नेहमी शेवटी, गरम पदार्थाच्या वर आणि पहिल्या घासाला. भाताची मूद पाडायची, वरण घालायचं, बोटाने छोटा खळगा करायचा आणि त्यात रवाळ तूप ठेवायचं, वितळलेलं नाही. वितळवलेल्या तुपाची धार हातातून किती सुटते ते कळतच नाही, रवाळ असलं की चमच्यात दिसतं. नाकाला वास जातो, पहिले दोन-चार घास तुपाचे होतात, पुढचा भात लिंबू पिळून खायचा, काही कमी वाटत नाही. पोळ्यांचं म्हणाल तर प्रत्येक पोळीला चमचा फिरवायचा नाही, एकीला अर्धा चमचा लावायचा आणि दुसरी गरम पोळी तिच्यावर पालथी घालून घासायची, दोन्ही पोळ्या मऊ.

लोण्याला मात्र चमचा चालत नाही, ते हातानेच वाढायचं असतं, म्हणून तिथे मापं आपली जुनीच, सुपारीएवढं, बोराएवढं, लिंबाएवढं. थालीपीठावर आधी लिंबाएवढा गोळा असायचा, आता सुपारीएवढा. घुसळायच्या दिवशी ताज्या लोण्यातला वाटीभर भाग बाजूला काढते, त्या दिवशी बाजरीची भाकरी किंवा थालीपीठ ठरलेलं, आणि त्या दिवशी तुपाला सुट्टी. उरलेलं सगळं कढवायला. ठेवलं तर रोज कुणीतरी बोट घालतंच, माझ्यासकट.

साय-साखर पोळी हा आमच्या धाकट्याचा जीव की प्राण. त्याला रविवारी मिळते, वाढतं वय आहे, खेळून येतो, मी नाही म्हणत नाही. फक्त तेवढी साय डब्यातून गेली की तूप कमी निघणार हे त्यालाही माहितीय. भाजीत क्रीम घालायचं असेल तर टेट्रापॅक फोडू नका, फोडला की संपवायला म्हणून चार दिवस प्रत्येक भाजीत जातं. दोन चमचे घरची साय फेटून, गॅस बंद केल्यावर घाला, पुरते.

सणांना मी मोजत नाही. पुरणपोळीवर तूप मोजणं म्हणजे अपशकुनच, आणि उकडीचा मोदक फोडून त्यात तूप नाही सोडलं तर मग केला कशाला. पण होळी म्हणजे होळी, दुसऱ्या दिवशी मुगाची खिचडी आणि ताक. खरी पंचाईत बाहेरच्या खाण्याची आहे. पावभाजीत बटर तीनदा पडतं, भाजी परतताना, पावाला आणि वर परत तो चौकोनी तुकडा. "बटर कमी" म्हटलं तर फक्त तो वरचा तुकडा गायब होतो, म्हणून मी सरळ सांगते, पाव कोरडे भाजा, बटर भाजीवर घाला. लोणी स्पंज डोसा असेल तर एक प्लेट दोघांत.

ह्यांचा पुढचा रिपोर्ट बरा आला, पण त्यात गोळी होती, चालणं होतं, खारी बंद होती, त्यामुळे त्याचं श्रेय मी तुपाला देणार नाही.

आणि हो, बेरी टाकू नका. गरम असतानाच साखर घालून चमचा-चमचा मुलांना द्या, नाहीतर पोळीच्या कणकेत मळा. मी तर तूप गाळल्यावर त्याच पातेल्यात गरम भात टाकते, मीठ, मेतकूट, आणि कडेची बेरी खरवडून सगळं हाताने कालवते. माणशी दोन-दोन घास येतात, त्यावरून भांडणं होतात, आणि त्या रात्री तुपाचं भांडं टेबलावर येत नाही.