तळ्याच्या काठी जलब्राह्मी

आधी रोप नीट ओळखा. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही विकली जाते. तिचं पान गोल, लांब देठाचं असतं. जलब्राह्मीची पानं जेमतेम नखाएवढी, जाडसर आणि खोडावर समोरासमोर, फूल पांढरं किंवा फिकट जांभळं.

बियांच्या भानगडीत पडू नका, फाटे सहज लागतात. ८-१० सेंमीचे शेंडे कापा, खालच्या दोन-तीन पेरांवरची (पानं फुटतात त्या गाठींवरची) पानं काढा आणि ती पेरं चिखलात आडवी दाबा. मुळं पेरांतूनच फुटतात, म्हणून फाटा उभा खोचण्यापेक्षा आडवा बरा. दोन फाट्यांत १५ सेंमी अंतर पुरे. माती चिकण, गाळाची चालेल. शेणखत मात्र घालू नका, ते पाण्यात उतरलं की शेवाळ माजतं.

पहिले दोन आठवडे माती कायम ओली हवी, पण वर पाणी नको. नवे फाटे तरंगून निघून जातात ते याच काळात. प्रत्येक फाट्यावर एक चपटा खडा ठेवा. मासे मुळं उकरत असतील तर आधी कुंडीत रुजवून मग काठावर लावा. जम बसला की २-५ सेंमी पाणी सहज सोसते.

ऊन निदान चार-पाच तास हवं. सावलीत दोन पेरांमधलं अंतर वाढतं, गालिचा विरळ होतो आणि मधे गवत घुसतं. ते हातानेच उपटा, लहान असतानाच. मुळं गुंतल्यावर गवताबरोबर ब्राह्मीही हातात येते. वाढ दाट झाली की कात्रीने छाटा, तेच तुकडे रिकाम्या जागी लावा.

तळ्यात सांडपाणी येत असेल तर पानं खाऊ नका. ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषून घेते.