भोपळ्यातली म्हातारी कशी काढावी? चित्रगोष्टीसाठी पात्रं घडवताना

चित्रगोष्टीच्या पुस्तकात एकच पात्र वीसेक वेळा येतं आणि दर वेळी मुलाला ते बघताक्षणी ओळखू यावं लागतं. अक्षरं आपण वाचून दाखवत असतो, मूल चित्र वाचत असतं. म्हणून पहिलं पान रंगवायला घेण्याआधी पात्रं वेगळी बसून घडवावीत. ती कशी, हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या लोककथेवर दाखवते.

आधी यादी करा

पात्र गोष्टीत काय काय करतं, ते कागदावर लिहून काढा. म्हातारी काठी टेकत रानातून निघते. वाघ आडवा येतो तेव्हा घाबरते, पण ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ असं सांगून सुटका करून घेते. लेकीकडे खरंच जाडजूड होते आणि भोपळ्यात बसून परत येते. म्हणजे ही भित्री नाही, भीतीतही डोकं चालवणारी आहे. तिला बारीक, लुकलुकते डोळे हवेत हे इथेच ठरतं. खरी अडचणही इथेच कळते: निम्म्या गोष्टीत ती काटकुळी, निम्म्या गोष्टीत गोल गरगरीत, तरी म्हातारी तीच वाटली पाहिजे.

मग आकार

पोस्टाच्या तिकिटाएवढे चौकोन आखा आणि काळ्या स्केचपेनने नुसत्या भरीव आकृत्या काढा. आत डोळा नको, रेघ नको. वीस-पंचवीस तरी काढाच, पहिल्या पाच-सहा नेहमी कुठेतरी पाहिलेल्याच निघतात. चांगली आकृती काळ्या ठिपक्यासारखी दिसली तरी ओळखू येते. जाताना कंबरेत वाकलेली, आकड्यासारखी म्हातारी मला आवडते. येताना तीच भोपळ्याच्या आकाराची झाली, की भोपळा आणि ती एकमेकांचे वाटू लागतात.

उंची डोक्याच्या मापाने ठरवा. मोठं माणूस साधारण साडेसात डोक्यांएवढं असतं. चित्रातली म्हातारी चार डोक्यांची केली तर चेहऱ्याला जागा मिळते, आणि बोळक्या तोंडाचं हसू लांबूनही दिसतं.

आता खुणा. माझ्या पहिल्या खर्ड्यात लेकीने आईला नवं लुगडं नेसवलं होतं. मला ती मायेची गोष्ट वाटली. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलीने पान उलटलं आणि विचारलं, “ही कुणाची आजी?” तेव्हापासून मी प्रत्येक पात्राच्या तीन खुणा ठरवते आणि शेवटच्या पानापर्यंत त्यांना हात लावत नाही. म्हातारीच्या खुणा म्हणजे सुपारीएवढा पांढरा अंबाडा, टोकदार नाक आणि हिरव्या लुगड्याचा रुंद लाल काठ. गाल फुगोत, कंबर वाढो, या तीन जागच्या जागी. लुगड्यावर चौकडी मात्र टाकू नका. नऊवारीच्या प्रत्येक चुणीत ती वळवत बसावी लागते आणि सातव्या पानावर हात थकतो.

प्राणी बघून काढा

इंटरनेटवरून उचललेला लालभडक, पांढऱ्या शेपूटटोकाचा प्राणी आपल्या पुस्तकांत सर्रास कोल्हा म्हणून दिसतो. तो आपला कोल्हा नव्हे. आपला कोल्हा मातकट पिवळसर, शेपटीचं टोक काळं. त्याच्याहून लहान, झुपकेदार शेपटीचं ते खोकड. लांडगा उंच पायांचा आणि वजनाने कोल्ह्याच्या दुपटीच्या आसपास; पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर तो आजही आहे. हा फरक नीट धरला की गोष्टीतले कोल्हा आणि लांडगा आपोआप वेगळे दिसतात. एकाला चष्मा, दुसऱ्याला टोपी घालायची गरज उरत नाही.

सगळी पात्रं एका ओळीत, एकाच जमिनीवर उभी करून बघा. वाघाच्या पायाशी म्हातारी केवढीशी, हे इथे एकदा ठरलं की पानोपानी मापं बदलत नाहीत. रंगही याच ओळीत ठरवा. लाल भोपळा आणि वाघ दोघेही नारिंगी, त्यामुळे समोरासमोर आले की एकमेकांत मिसळतात. वाघाला गडद तांबूस ठेवा, भोपळ्याला पिवळ्याकडे न्या, खाचांत थोडा हिरवा द्या. रंगवल्यावर मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. तिथे दोघे वेगळे दिसले तर रंग जमले.

भोपळ्याला डोळे-तोंड काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याला चेहरा दिला की आतली म्हातारी हरवते. एक भोक ठेवा, त्यातून दोन लुकलुकते डोळे आणि फटीतून लाल काठाचं टोक. उडी मारताना भोपळा उभट करा, आपटताना पसरट. ‘टुणूक’ तेवढ्याने ऐकू येतं.

शेवटी पात्राचा तक्ता बनवा: समोरून, पाऊण (म्हणजे जराशी वळलेली), बाजूने, पाठमोरी अशी उभी म्हातारी आणि गोष्टीत लागतील तेवढेच भाव. घाबरलेली, मनात बेत शिजवणारी, पोटभर जेवलेली, भोपळ्यातून ओरडणारी. हा तक्ता टेबलासमोर चिकटवा.

मग एखाद्या लहान मुलाला बोलवा. मजकूर झाका, भोपळ्याचं पान उघडा आणि विचारा, “आत कोण आहे?” उत्तराला वेळ लागला तर भोक थोडं मोठं करा.